पहिल्या पावसात नळाला तांबूस पाणी, रिपोर्टात ऑरगॅनिक कार्बन जास्त. ब्लीचिंग बंद करावं का?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूच्या एका गावातली. ग्रामपंचायतीच्या पाणी समितीवर आहे. आमच्याकडं नदीकाठच्या जॅकवेलमधून पाणी उचलतात आणि थेट ५०,००० लिटरच्या ओव्हरहेड टाकीत चढवतात. मधे फिल्टर हाऊस वगैरे काही नाही. वॉटरमन टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतो, थोड्या वेळानं व्हॉल्व्ह सोडतो, इतकंच.

मिरग निघून पहिले मोठे पाऊस झाले की दरवर्षी आठ-दहा दिवस पाण्याला रंग येतो. गढूळ म्हणावं तर तसं नाही. रात्रभर घागर भरून ठेवली तरी तळाला काही बसत नाही, पण स्टीलच्या भांड्यात बघितलं की कोऱ्या चहासारखं दिसतंय. यंदा गावातल्या पोरांनी वर्गणी काढून ते पाणी बेळगावात एका खाजगी लॅबला दिलं. रिपोर्ट इंग्रजीत आला. पीएच ६.९, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६४, टर्बिडिटी (गढूळपणा) ३, कॉलिफॉर्म जंतू ‘आढळले’. सगळ्यात शेवटी टोटल ऑरगॅनिक कार्बन ९.२ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि त्याच्या पुढचा मर्यादेचा रकाना कोरा.

तो कागद व्हॉट्सॲपवर फिरला. कुणीतरी खाली लिहिलं की कार्बन आणि ब्लीचिंग एकत्र आले की कॅन्सर होतो. आता ग्रामसभेत निम्मे लोक म्हणतात पावडर बंद करा. बायकांना तर वासामुळं ती आधीच नको आहे. वरून एक आरओ मशीनवाला दारोदार फिरतोय.

मला खरंच जाणून घ्यायचं आहे. हा कार्बन कुठला? ९.२ म्हणजे किती वाईट? आणि पावडर बंद केली तर चालेल का? आमच्या गल्लीत गेल्या पावसाळ्यात दोन घरांत कावीळ झालेली. त्यामुळं मी ग्रामसभेत ‘थांबा, विचारून सांगते’ एवढंच म्हणून आलेय.

शहापूरकर

ताई, टीडीएस ६४ आहे म्हणता, मग आरओ अजिबात घेऊ नका. आपल्या देशाच्या मानकात ५०० पर्यंत चालतं. तुमच्या पाण्यात मुळात क्षारच नाहीत, ते मशीन काढणार काय? वर अर्ध्याहून जास्त पाणी गटारात सोडणार. आमच्याकडं शहरात राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी शुद्ध होऊन येतं, तरी पावसाळ्याच्या तोंडाला क्लोरीनचा वास वाढतोच. मी घरी साधा कार्बनचा फिल्टर बसवलाय, वास जातो. पण कार्बन काढायला कार्बनच कसा वापरतात, हे मलाही कुणी समजावलं तर बरं होईल.

जुना केमिस्ट

अक्का, आधी एकच सांगतो. ब्लीचिंग बंद करू देऊ नका. बाकी सगळं त्याच्यानंतर. त्या रिपोर्टातली काळजीची ओळ कार्बनची नाही, कॉलिफॉर्मची आहे. कार्बनपासून होणारा धोका वर्षानुवर्षं पिऊन मोजायचा असतो, कावीळ आणि हगवण याच महिन्यात दारात येतात. जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच स्पष्ट म्हणणं आहे की क्लोरीनमुळं तयार होणारी द्रव्यं कमी करायच्या नादात निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये.

मी सीमाभागातल्या एका जलशुद्धीकरण केंद्राच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या नदीच्या वरच्या अंगाला कणकुंबीकडचं रान आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा. उन्हाळाभर तिथं पाचोळ्याचा थर साचतो, आणि पहिला पाऊस तो सगळा भिजवून त्याचा अर्क नदीत आणतो. तुम्ही चहाचं नाव घेतलंत ते अगदी बरोबर आहे, पानं भिजून रंग उतरतो, तिथंही तेच होतं. त्या अर्कात ह्युमिक आणि फुल्विक आम्लं असतात. ती विरघळलेली असतात, म्हणून बसत नाहीत आणि कापडानं गाळली जात नाहीत. पाण्यातल्या अशा सगळ्या सेंद्रिय द्रव्यांत मिळून कार्बन किती, एवढंच तो आकडा सांगतो. लॅबमध्ये नमुन्यात आम्ल घालून आधी बायकार्बोनेटचा कार्बन उडवून लावतात, मग उरलेलं सगळं जाळून किंवा ऑक्सिडाइज करून कार्बन डायऑक्साइड करतात आणि तो वायू मोजतात. त्यात पाल्याचा अर्क किती, शेणाचं पाणी किती, कुणाच्या शेतातलं औषध किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ‘कार्बन आहे म्हणजे विष आहे’ हे चुकीचं, आणि ‘पानांचाच आहे, काही होत नाही’ हेही पूर्ण बरोबर नाही.

रंग लोहाचा तर नाही ना, हे मी आधी विचारलं असतं. आपल्या जांभ्या मातीत लोह भरपूर. पण लोहाचं पाणी उघड्यावर ठेवलं की रात्रीत तांबडा गाळ धरतं. तुमच्या घागरीत काही बसत नाही, म्हणजे हा रंग पाल्याचाच धरू.

रकाना कोरा का, तर पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५००:२०१२ या मानकात एकूण सेंद्रिय कार्बनला मर्यादाच दिलेली नाही. लॅबनं लपवलेलं नाही. मर्यादा आहे ती क्लोरीन आणि हे सेंद्रिय द्रव्य एकत्र आल्यावर जे तयार होतं त्याला. क्लोरोफॉर्म ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर, ब्रोमोफॉर्म ०.१, डायब्रोमोक्लोरोमिथेन ०.१, ब्रोमोडायक्लोरोमिथेन ०.०६. या चौघांना मिळून ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. १९७४ साली हॉलंडात रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक या केमिस्टनं दाखवून दिलं की क्लोरोफॉर्म बाहेरून येत नाही, नदीतल्या या रंगीत द्रव्यावर क्लोरीन पडला की तिथंच तयार होतो. अमेरिकेत आज चौघांची बेरीज ०.०८० च्या आत लागते, आणि नदी-तलावाच्या कच्च्या पाण्यात सेंद्रिय कार्बन २ च्या वर असेल तर शुद्धीकरण केंद्रानं त्यातला ठराविक हिस्सा आधी काढावा असा तिथं नियम आहे. युरोपात सेंद्रिय कार्बनला आकडा नाही, ‘नेहमीपेक्षा वेगळा बदल दिसू नये’ एवढंच म्हटलंय.

म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या त्या ओळीमागं थोडं तथ्य आहे. पण त्यावरचा उपाय क्लोरीन थांबवणं हा नाही. क्लोरीन पडायच्या आधी रंग काढायला हवा.

आता दोन गोष्टी सांगा. नमुना कशात भरून नेला? आणि शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन येतो का, कधी तपासलाय?

निपाणीवाला

आमच्याकडंही असा एक मशीनवाला आलेला. दोन ग्लास, दोन दांड्यांचं यंत्र. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. वीज सोडल्यावर नळाचं पाणी हिरवट, मग तपकिरी, वर चिखलासारखा थर. आमची आई घाबरून गेली, त्याच दिवशी ॲडव्हान्स द्यायला निघालेली. कुणाला याचं शास्त्र माहीत असेल तर सांगा, गावोगाव हेच चाललंय.

मलप्रभाकाठ

काका, एवढं लिहिलंत, फार आभार. पोरांना विचारलं. थंड पेयाची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली होती, नळाखाली विसळून त्यात भरलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं बेळगावला नेलं.

क्लोरीनचं म्हणाल तर जलजीवनची टेस्ट किट पंचायतीत पडून होती. आज ती काढून वॉटरमनला घेऊन फिरले. टाकीजवळच्या नळाला औषध टाकल्यावर किंचित पिवळं झालं. देवळामागच्या शेवटच्या गल्लीत काहीच रंग आला नाही. कावीळ झालेली दोन्ही घरं त्याच गल्लीत आहेत. हे बघून मला रात्री झोप लागायची नाही.

जुना केमिस्ट

अक्का, तुम्ही आज जे केलंत ते त्या लॅबच्या कागदापेक्षा मोलाचं आहे. पोरांनाही रागवू नका, त्यांनी पदरचे पैसे घातले. पण ९.२ हा आकडा आता बाजूला ठेवायचा. साखरेत वजनाच्या ४२ टक्के कार्बन असतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५ मिलिग्रॅम साखर चिकटून राहिली, म्हणजे डोळ्यांना दिसायचीही नाही इतकी, तरी रिपोर्टात ४ मिलिग्रॅमच्या वर भर पडते. या तपासणीला तपकिरी काचेची स्वच्छ बाटली लागते, त्यात आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणायचा आणि नमुना थंड ठेवायचा. बाटली लॅबकडूनच मागून घ्यायची. जंतूंच्या तपासणीला वेगळी निर्जंतुक बाटली, आणि ती २४ तासांच्या आत पोचली पाहिजे.

शेवटच्या गल्लीत रंग आला नाही, यात तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. उन्हाळ्यात जेवढी पावडर पुरते तेवढी पहिल्या पावसात पुरत नाही, कारण हे पाल्याचं द्रव्यच क्लोरीन खाऊन टाकतं. जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. सेंद्रिय कार्बनाचा खरा त्रास खेडेगावात हा आहे. कॅन्सरच्या नावानं लोक घाबरलेत आणि इकडं क्लोरीन निम्म्या वाटेतच संपतोय.

हिशोब वॉटरमनला असा समजावा. ५०,००० लिटरला, दर लिटरला २ मिलिग्रॅमप्रमाणं, १०० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन, म्हणजे ३०० ग्रॅम पावडर. पण पोतं उघडं असेल, पावसाळी दमट खोलीत असेल, तर तो २० टक्क्यांवर यायला वेळ लागत नाही. मग तेवढ्याच कामाला ५०० ग्रॅम. पोतं कुठं ठेवलंय ते आधी बघा. पावडर कोरडी टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ टाकीत सोडायची, आणि अर्धा तास गेल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही. मग शेवटच्या नळाला तपासायचं. तिथं ०.२ येईपर्यंत मात्रा थोडी थोडी वाढवत न्यायची. एकदम दुप्पट करू नका, बायका वासानं पाणीच टाकून देतील आणि विहिरीवर जातील.

मात्रा वाढवली तर ती द्रव्यंही वाढणार, हे तुमच्या मनात येईल. खरं आहे. त्या आठ-दहा दिवसांपुरतं मी ते पत्करीन. त्याच दिवसांत पिण्याचं पाणी घरी उकळा, झाकण न ठेवता. जंतू मरतात, आणि क्लोरोफॉर्म तर ६१ अंशालाच उकळतं, त्यामुळं तेही बरंचसं उडून जातं.

कायमचा इलाज मधे गाळण असणं. मोठ्या केंद्रात आम्ही हा रंग तुरटीनं काढायचो. जून लागला की रोज सकाळी जार टेस्ट. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवायची. त्यातली १ मिली एक लिटर कच्च्या पाण्यात घातली की १० मिलिग्रॅमची मात्रा झाली. पाच-सहा जार ओळीनं मांडून १०, २०, ३० अशी चढती मात्रा, मिनिटभर जोरात ढवळणं, मग पंधरा-वीस मिनिटं हलक्या हातानं. एका ठराविक जारमध्ये अचानक दाणे धरतात, ते खाली बसायला लागतात आणि वरचं पाणी नितळ होतं. तो क्षण मी इतक्या वर्षांत कधी कंटाळून बघितला नाही. गढूळपणा कमी मात्रेत जातो, रंग जायला जास्त तुरटी लागते, आणि पीएच ६ च्या आसपास असेल तर तो नीट जातो. म्हणून चुना आधी घालायचा नाही, लागलाच तर सगळ्यात शेवटी. तुमच्याकडचं पाणी मऊ आहे, तुरटीनं पीएच पटकन उतरतो, हे ध्यानात ठेवा.

पण तुमच्या टाकीत तुरटी टाकू नका हां. गाळ टाकीतच बसेल. त्याला बसायला वेगळा हौद हवा आणि पुढं वाळूचं गाळण हवं.

गावाच्या आवाक्यातली गोष्ट म्हणजे मंद वाळू गाळण, स्लो सँड फिल्टर. वीज नको, केमिकल नको. ताशी १० सेंटीमीटर वेगानं पाणी उतरू दिलं तर एका चौरस मीटरमधून दिवसाला २,४०० लिटर निघतं. ५०,००० लिटरला साधारण २१ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या शाळाखोलीपेक्षाही लहान जागा. साफसफाईला एक बंद ठेवता यावा म्हणून दोन बांधावेत. वाळूच्या वरच्या थरावर जिवंत साय धरते आणि जंतूंचा बंदोबस्त मुख्यतः तीच करते. टर्बिडिटी ३ असलेल्या पाण्याला हे उत्तम. रंग मात्र यानं थोडाच उतरतो, सगळा जाणार नाही, हे ग्रामसभेत आधीच सांगा. नाहीतर पहिल्याच पावसाला लोक म्हणतील बांधलेलं फुकट गेलं.

निपाणीवाले, त्या दांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि तोच गंज तुम्हाला दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. पुढच्या वेळी त्याच्याच मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल. आणि टीडीएस मीटर फक्त वीज किती वाहते ते मोजतो. पाल्याचा अर्क त्याला दिसत नाही, जंतू दिसत नाहीत. अक्कांच्या गावचं ६४ टीडीएसचं पाणी हा त्याचा जिवंत पुरावा आहे.

शहापूरकर, फिल्टरमधला कार्बन पाण्यात विरघळत नाही. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेवर खूप तापवून त्याला असंख्य बारीक छिद्रं पाडतात. एका ग्रॅमला ५०० ते १,००० चौरस मीटर इतका पृष्ठभाग तयार होतो, त्याला पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं आणि वास चिकटतात. चुलीतल्या कोळशात ती ताकद नसते. हा फिल्टर भरला की पकडणं थांबवतो, म्हणून वेळच्या वेळी बदलावा. तो क्लोरीनही काढून टाकतो, त्यामुळं गाळलेलं पाणी दिवसेंदिवस साठवून ठेवू नका. सकाळची पहिली तांब्याभर धार टाकून द्या, रात्रभर त्यात जंतू वाढलेले असतात.

निपाणीवाला

मिठाचं आजच करून दाखवतो आईला. खूप आभार.

मलप्रभाकाठ

काका, पोतं बघितलं. पंप हाऊसच्या कोपऱ्यात, तोंड उघडं, खाली ओल. वॉटरमन बिचारा म्हणाला, मला कुणी हे सांगितलंच नाही. प्लॅस्टिकचे झाकणाचे दोन डबे आणवलेत. बुधवारी ग्रामसभा आहे. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब म्हणाले लेखी द्या, म्हणजे तालुका पंचायतीकडं पाठवता येईल. अर्ज कन्नडमध्ये लागेल, माझं कन्नड बोलण्यापुरतंच आहे. आणि अर्जात नेमकं मागू काय?

शहापूरकर

ताई, अर्ज मराठीत लिहून इथं टाका, कन्नड मी करून देतो. माझं शिक्षण कन्नड शाळेत झालंय.

जुना केमिस्ट

हे छान झालं. अर्जात भाषण नको, मागण्या हव्यात. नदीवर फिल्टर नसताना पाणी थेट टाकीत चढतं, हे पहिल्या वाक्यात. मग टाकीजवळच्या आणि शेवटच्या गल्लीतल्या नळाच्या क्लोरीनची रोजची नोंद, तारखेसह. बुधवारपर्यंत जेवढी जमेल तेवढी जोडा. कॉलिफॉर्मचा रिपोर्ट जोडा, पण जिल्हा प्रयोगशाळेकडून पुन्हा तपासणी मागा. खाजगी कागदावर ते निर्णय घेणार नाहीत. किटमध्ये जंतूंच्या बाटल्या असतील तर देवळामागच्या गल्लीतलं पाणी एकीत भरून ठेवा. पाणी काळं पडलं, म्हणजे जंतूंची खूण मिळाली, तर ती बाटलीच ग्रामसभेत दाखवा.

मागणी अशी ठेवा. मंद वाळू गाळणाची दोन युनिटं, एकूण निदान २१ चौरस मीटर, किंवा जॅकवेलला नदीपात्रातल्या वाळूखालून पाणी घेणारी गॅलरी, यातलं जागेवर जे बसेल त्याचा अंदाजपत्रकासह प्रस्ताव. पावसाळ्यापुरती रोज एका माणसाची क्लोरीन तपासणी. आणि वर्षातून दोनदा, एकदा पहिल्या पावसात आणि एकदा दिवाळीनंतर, सेंद्रिय कार्बन आणि ट्रायहॅलोमिथेन दोन्ही तपासून रिपोर्ट पंचायतीच्या फळ्यावर लावणं. दोन्ही एकत्रच मागा, एकटा कार्बनचा आकडा आला तर पुन्हा व्हॉट्सॲपवर तेच चालू होईल.

मसुदा तयार झाला की इथं टाका, आकडे मी तपासून देतो. आज संध्याकाळी शेवटच्या नळाला किती आलं, तेही कळवा.